पैठणचा अकीक, रोमची काच

पैठणची प्राचीन वस्ती जिथे होती त्या भागाला, महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या गावांप्रमाणेच, पांढर म्हणतात. गोदाकाठची ही राखट, भुसभुशीत माती जोराच्या पावसात धुपते आणि उतारावर मणी उघडे पडतात. काही लाल कार्नेलियनचे, काही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सुलेमानीचे, काही निळ्या, हिरव्या नाहीतर विटकरी काचेचे. दगडाच्या मण्यांचे मूळ शोधायला दूर जावे लागत नाही. तो दगड इथल्याच काळ्या कातळात जन्मतो. काचेची गोष्ट लांबची आहे. तिचा एक धागा भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत जातो आणि तिथून पुढे रोमच्या धनिकांच्या पंगतीत मांडलेल्या रंगीबेरंगी वाट्यांपर्यंत.

त्या वाट्या म्हणजे मोझेक काचेची भांडी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि अमेरिकेतल्याच कॉर्निंगच्या काच संग्रहालयात ती पाहायला मिळतात. बहुतेक वाट्या तळहातावर मावतील एवढ्याच. गडद जांभळ्या काचेत पांढऱ्या रेघांची वळणे, मधासारख्या तपकिरी पट्ट्या, मध्येच पिवळ्या ठिपक्यांचे फूल. पहिल्या नजरेला वाटते की हे भांडे पट्टेदार दगडातून कोरून काढले आहे. तसे वाटावे अशीच पुष्कळ वाट्यांमागच्या कारागिराची इच्छा होती. रोमन काचकामाला ज्या दगडांनी भुरळ घातली त्यांत भारतीय अकीक आणि सुलेमानी यांचा मान मोठा होता, आणि त्या दगडाचा एक मोठा बाजार होता पैठण.

याचा पुरावा एका व्यापाऱ्याने लिहून ठेवला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक माणसाने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची मार्गदर्शिका तयार केली. तिला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ म्हणतात. लेखकाचे नाव तिच्यात नाही. कोणत्या बंदरात काय विकले जाते, काय विकत घ्यावे, खडक कुठे आहेत, वारा कधी फिरतो, एवढ्याच गोष्टींशी त्याला कर्तव्य होते. तिची दहाव्या शतकातली एक हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्गला जपलेली आहे. या छोट्या पुस्तकात दख्खनमधल्या दोन बाजारपेठांची नावे ठळकपणे येतात : पैठण आणि तगर. पैठण हे बॅरिगाझाच्या म्हणजे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गाड्या भरभरून सुलेमानी दगड भडोचला उतरतो, तगरहून साधे कापड आणि तलम मलमल येते, आणि या गाड्यांना रस्ता नसलेला फार मोठा मुलूख ओलांडावा लागतो, असे तो नोंदवतो.

भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेतच साडेतीनशे किलोमीटर भरते. घाट, नद्या आणि वळसे धरले तर वीस दिवसांचा हिशेब बैलगाडीच्या चालीशी चांगला जुळतो. पैठणहून निघालेला तांडा उत्तरेला आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून जायचा, सातमाळ्याच्या रांगेतून खानदेशात उतरायचा, तापी आणि नर्मदा ओलांडून भडोचच्या धक्क्याला लागायचा. या वाटेची खूण कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याच्या लेण्यांत कोरलेली आहे. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घराण्यातला मितदेव आहे. पितळखोऱ्याच्या प्रसिद्ध यक्षमूर्तीच्या हातावरच्या लेखात ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी ही लेणी साफ करून त्यांचा अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्तूपाशी संबंधित स्फटिकाच्या करंड्यांचीही नोंद आहे. अत्तराचा व्यापारी, सोनार आणि स्फटिक कापणारा कारागीर, ही सगळी माणसे या वाटेवर वावरत होती.

एवढ्या लांबच्या भडोचला जाण्यापेक्षा कल्याण आणि सोपारा ही बंदरे पैठणला कितीतरी जवळ. मग गाड्या उत्तरेला का वळत होत्या? उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. कल्याणला चुकून पोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात लिहिले आहे. पश्चिम भारतातले क्षत्रप आणि दख्खनचे सातवाहन या राजघराण्यांतल्या संघर्षात कोकणातली बंदरे अडवली गेली होती. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप राजा नहपानाचा पराभव केला. त्या विजयाची साक्ष नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांनी दिली. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा मारलेला होता. बंदरांच्या या भांडणात पैठणचा दगड कोणत्या घाटाने उतरायचा ते बदलत राहिले. त्याची मागणी मात्र टिकून होती.

मागणी होती कारण दगडच तसा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थंड होताना त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले आणि कातळात पोकळ्या राहिल्या. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी ज्या कातळात खोदली तोच हा कातळ. पुढच्या लक्षावधी वर्षांत सिलिका विरघळलेले पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि भिंतीला लागून एकेक बारीक थर बसत गेला. पाण्यातल्या घटकांप्रमाणे थराचा रंग बदलला : पांढरा, राखाडी, तपकिरी, काळपट. कातळ झिजून त्याची माती झाली तरी आतली ही कठीण गाठ टिकते आणि वाहत जाऊन नदीच्या गोट्यांत मिसळते. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या माणसाला या दगडाची पारख फार जुनी. नेवाशाला अश्मयुगीन माणसाची अकीक आणि जास्परची हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली आहेत. सातवाहनांच्या काळातला मणीकार त्याच गोट्यांकडे दुसऱ्या नजरेने पाहत होता. दगड कुठे कापला म्हणजे पट्टा मण्याच्या नेमका मधोमध येईल, हे त्याला कळत होते.

रोममध्ये अशा दगडाचे मोल वेगळेच होते. पांढरा थर आणि त्याखाली गडद थर असा दगड मिळाला की वरच्या थरात आकृती कोरायची आणि खालचा थर पार्श्वभूमीला ठेवायचा, ही कला तिथे शिखराला पोचली होती. व्हिएन्नातली ‘जेमा ऑगस्टिया’ आणि नेपल्सचा ‘फार्नेसे’ प्याला ही तिची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे. रोमन लेखक प्लिनीने आपल्या ‘निसर्गेतिहासा’त भारतीय सार्डोनिक्स या थरांच्या दगडाविषयी बारकाईने लिहिले आहे. भारतात हा दगड ओढ्यांच्या प्रवाहात सापडतो, तिथले सामान्य लोक त्याला भोक पाडून गळ्यात घालतात, आणि म्हणून दगडाला आरपार भोक असणे ही तो भारतीय असल्याची ओळख मानली जाते, असे तो सांगतो. पैठणच्या किंवा नेवाशाच्या एखाद्या मणीकाराने पाडलेले भोक रोमच्या जवाहिऱ्यासाठी मालाच्या मूळ गावाचा दाखला ठरत होते.

याहूनही अधिक वेड होते ते ‘मुर्हाइन’ नावाच्या भांड्यांचे. रोमन सेनापती पॉम्पेने पोंटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्यावर विजय मिळवून इ.स.पू. ६१ मध्ये रोममध्ये विजययात्रा काढली, तेव्हा ही भांडी रोमने पहिल्यांदा पाहिली. नंतर त्यांच्या किमती भडकल्या. एका माजी कॉन्सलला आपला प्याला इतका प्रिय होता की त्याने त्याची कड दातांनी कुरतडली होती. त्या प्याल्याची किंमत सत्तर हजार सेस्टर्शियस. नीरोच्या दरबारातल्या पेट्रोनियसने मरताना तीन लाखांचा मुर्हाइनचा पळा सम्राटाच्या हाती पडू नये म्हणून फोडून टाकला. खुद्द नीरोने एका प्याल्याला दहा लाख मोजले. त्या काळात साध्या रोमन सैनिकाचा वर्षाचा पगार नऊशे सेस्टर्शियस होता. म्हणजे नीरोच्या एका प्याल्यात हजाराहून अधिक सैनिकांचे वर्षाचे वेतन बुडाले.

मुर्हाइन म्हणजे नेमका कोणता दगड, यावर विद्वानांत दोन मते आहेत. प्लिनी ही भांडी इराणकडच्या कर्मानिया प्रांतातून येतात असे म्हणतो. ब्रिटिश म्युझियममधले फ्लोराइटचे दोन रोमन प्याले पाहता हा दगड फ्लोराइट असावा, असे आज बरेच अभ्यासक मानतात. पेरिप्लसचा लेखक मात्र उज्जैनहून भडोचला येणाऱ्या मालात सुलेमानीच्या जोडीला मुर्हाइनचे नाव घेतो, आणि त्यावरून दुसरा गट त्याला अकीक समजतो. बाजारात दोन्ही दगड एकाच नावाने खपले असण्याचीही शक्यता आहे. यातले कोणतेही मत धरले तरी एक गोष्ट पक्की : पट्टेदार, ढगाळ, रंगारंगांत विरघळणाऱ्या दगडाच्या भांड्याला रोम वाटेल ती किंमत मोजत होता. मुर्हाइनसारखी दिसणारी काचही बनवली जाते, असे प्लिनीनेच लिहून ठेवले आहे.

ती बनवण्याची रीत अशी. आधी काच रंगवायची. कोबाल्टने गर्द निळी, मँगनीजने जांभळी, तांब्याने मोरपंखी किंवा, भट्टीतली हवा कमी केली तर, विटकरी लाल; अँटिमनीच्या संयुगांनी दुधी पांढरी आणि पिवळी. मग वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या एकत्र बांधून तापवायच्या, किंवा एका रंगाच्या पातळ पट्टीवर दुसऱ्या रंगाची पट्टी ठेवून गुंडाळी करायची. ही जाड मोळी मऊ झाली की दोन्ही टोकांनी ताणायची. ती बोटाएवढी बारीक झाली तरी आतली नक्षी मोडत नाही, फक्त लहान होते. थंड झाल्यावर तिचे आडवे काप काढायचे. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक कापात बेसनाची तीच वळणे दिसतात, तसे प्रत्येक चकतीत तेच फूल, तोच डोळा, तेच वलय. शेकडो चकत्या एकमेकींना भिडवून मांडल्या आणि पुन्हा तापवल्या की त्या जुळून एक सलग तबकडी होते. ती मऊ तबकडी साच्यावर ठेवली की स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि वाटीचा आकार घेते. काठाला बहुधा दोन रंगांची पिळाची कांडी चिकटवलेली असते. शेवटी आतून-बाहेरून घासून झिलई द्यायची. फुंकनळीचा यात कुठेही संबंध नाही.

या कामाचे प्रकार अनेक. काही वाट्यांत रंगीत पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या असतात. काहींत जांभळ्या-तपकिरी काचेतून पांढऱ्या लाटा फिरतात. अकीकाची नक्कल सर्वांत जास्त साधते ती यांत. काहींमध्ये रंगहीन काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबलेला असतो. आणखी एक घाट म्हणजे बाहेरून उभ्या जाड कडा असलेल्या वाट्या. तबकडी मऊ असतानाच तिच्यावर कडा उठवायच्या आणि मग ती साच्यावर बसवायची. या कडांच्या वाट्या एकरंगीही केल्या जात आणि मोझेक काचेच्याही. त्यांचे तुकडे भारतात पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला आणि केरळात पट्टणमला मिळाले आहेत. मुझिरिस बंदर याच पट्टणम परिसरात होते असे अनेक अभ्यासक मानतात.

भूगोलकार स्ट्रॅबो याने या कामाविषयी काचकारांकडूनच ऐकले होते. इजिप्तमध्ये एक विशिष्ट काचमाती आहे आणि तिच्याशिवाय बहुरंगी, मौल्यवान काम होऊच शकत नाही, असे आपल्याला अलेक्झांड्रियाच्या काचकारांनी सांगितले, अशी नोंद त्याने केली आहे. रोममध्ये रंग आणि कृती यांत अनेक नवे शोध लागत आहेत, हेही तो लिहितो. हाच स्ट्रॅबो सांगतो की त्याच्या काळात इजिप्तच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला एकशेवीस जहाजे भारताकडे जात होती. काचेचा भरभराटीचा काळ आणि भारताच्या व्यापाराचा भरभराटीचा काळ एकच होता.

मोझेक काच हा रोमचा शोध नव्हता. इ.स.पू. पंधराव्या शतकाच्या सुमारास मेसोपोटेमियात रंगीत तुकडे जुळवून भांडी केली गेली आणि नंतर ती कला कित्येक शतके मागे पडली. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक जगात ती परतली. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या इ.स.पू. पहिल्या शतकातल्या जहाजातून १९०१ साली पाणबुड्यांनी पुतळे आणि प्रसिद्ध गणनयंत्र बाहेर काढले, तेव्हा मोझेक काचेच्या वाट्याही वर आल्या. ऑगस्टसच्या राज्यकाळात ही कला इटलीत सर्वाधिक बहरली.

आता पैठणकडून भडोचला गेलेल्या गाड्या परत येताना काय आणत होत्या ते पाहायला हवे. पेरिप्लसमध्ये भडोचला खपणाऱ्या मालाची लांब यादी आहे : दारू, त्यातही इटलीची विशेष, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कापड आणि हातभर रुंदीचे रंगीत कमरपट्टे, सुरमा, सोन्या-चांदीची नाणी, राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारे गुलाम. याच यादीत कच्ची काच आहे. सिंधूच्या मुखाजवळच्या बार्बरिकॉन बंदरात तयार काचेची भांडी उतरवली जात. भडोच आणि मुझिरिस या दोन्ही ठिकाणी मात्र कच्ची काच. हा फरक फार बोलका आहे. दख्खनकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला रोमन वाटी विकण्यापेक्षा काचेची ढेप विकण्यात अधिक फायदा दिसत होता, कारण इथे ती घेऊन पुढचे काम करणारे हात होते.

ती ढेप येत होती पूर्व भूमध्य किनाऱ्यावरून आणि इजिप्तमधून. आजच्या इस्राएलमधल्या बेलस नदीची वाळू आणि इजिप्तच्या वाडी नत्रूनमधला नेट्रॉन क्षार एकत्र करून, हौदासारख्या प्रचंड भट्ट्यांत काच वितळवली जायची. थंड झाली की फोडून तिचे तुकडे जहाजात भरायचे. भारतातही काच बनत होती. वाळू आणि जमिनीवर फुलणारा क्षार, उत्तरेत ज्याला रेह म्हणतात, यांपासून ती होत असे. भारतात स्फटिकाचे तुकडे वितळवून काच करतात आणि तिची सर दुसऱ्या कुठल्याही काचेला येत नाही, अशी ऐकीव माहिती प्लिनीनेही दिली आहे. इथल्या काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण बरेच जास्त असते आणि नेट्रॉनच्या काचेत कमी. म्हणून आज प्रयोगशाळेत एखाद्या मण्याच्या काचेची रासायनिक घडण तपासली की ती भूमध्याची की भारताची, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते.

दख्खनच्या मणीकारांनी काचेत केलेले कामही रोमन वाटीला नात्याने जवळचे आहे. पैठण, तेर, नेवासा, भोकरदन या गावांत सातवाहन काळाच्या थरांत काचमणी मुबलक मिळतात. त्यांत वर्खाचे मणी आहेत : काचेच्या नळीवर सोन्याचा वर्ख आणि वरून पुन्हा पारदर्शक काचेचे कवच. डोळ्यांचे मणी आहेत. एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थेंब बसवून वलये तयार केलेले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काचमणीही आहेत, जे हुबेहूब सुलेमानीसारखे दिसतात. दगडाची काचेत नक्कल करण्याचा मोह तायबर नदीच्या काठी होता तसाच गोदावरीच्या काठीही होता. इथे अस्सल दगड शेजारच्या ओढ्यात मिळत असूनही काचेचा सुलेमानी घडवला गेला, यावरून या माध्यमावर कारागिराचे किती प्रेम होते ते कळते.

हे सगळे आज सांगता येते त्याचे श्रेय काही चिकाटीच्या संशोधकांना आहे. तगर म्हणजे कोणते गाव, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात फार गाजला. कुणी देवगिरी म्हणाले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ मध्ये जॉन फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातले तेर हेच तगर असल्याचे दाखवले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावात मिळणाऱ्या वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि त्यांच्या संग्रहातून तिथले शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पैठणलाही बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे असेच संग्रहालय आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन जगातून आलेली पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, आणि १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया व मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. नेवाशाला सांकळियांच्या चमूने १९५४ पासून खोदकाम केले, तेव्हा भूमध्य देशांतून दारू आणणाऱ्या अँफोरा कुंभांचे तुकडे मिळाले.

यांत दीक्षितांचे नाव काचेच्या संदर्भात सर्वांत वर घ्यावे लागते. मणी आणि काच या वस्तूंकडे ज्या काळात उत्खननातले किरकोळ सामान म्हणून पाहिले जायचे, त्या काळात त्यांनी आपले आयुष्य त्यांना वाहिले. कार्नेलियनवर क्षाराने पांढरी नक्षी उमटवलेल्या मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. भारतीय काचेचा साद्यंत इतिहास त्यांनी लिहिला आणि तो मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगात कुठेही भारतातल्या जुन्या काचेवर कुणी लिहायला बसले की सुरुवात या ग्रंथापासून होते.

भोकरदनचे उत्खनन तर छत्रपती संभाजीनगरच्या अगदी जवळचे. हे गाव आता जालना जिल्ह्यात आहे. उत्खनन झाले तेव्हा ते औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांची आणि भारहूतच्या दानलेखांत इथल्या रहिवाशांची नावे आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे काम केले. मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंताचे काम यांच्याबरोबर एक तुटलेली हस्तिदंती स्त्री-आकृती मिळाली. तिची घडण पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जवळून जुळते. तेरलाही तशीच मूर्ती मिळाली आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथल्या एका घरात पोचली होती. मोझेक काचेच्या वाट्या जिथे मांडल्या जायच्या त्याच जगात दख्खनची वस्तू हौसेने ठेवली गेली होती.

या काचेचा काळ मात्र लवकर सरला. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्याला सिरिया-पॅलेस्टाइनच्या टापूत काच फुंकून फुगवण्याची युक्ती सापडली. जे भांडे करायला दिवस लागायचे ते काही मिनिटांत होऊ लागले. तांब्याच्या एका नाण्याला काचेचा प्याला मिळतो, असे स्ट्रॅबोने लिहिले. पाठोपाठ आवडही बदलली. स्फटिकासारखी निर्मळ, आरपार दिसणारी काच सर्वांत श्रेष्ठ, असे प्लिनी नोंदवतो. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात मोझेक काचेच्या भांड्यांची चलती ओसरली. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर व्हिन्चेन्झो मोरेत्ती यांनी जुन्या तुकड्यांचा अभ्यास करून ही रीत पुन्हा बसवली आणि त्यांची भांडी १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात झळकली.

दख्खनमध्ये रंगीत काच मागे पडली नाही. तिने रूप बदलले. नेवासा आणि कोल्हापूरच्या बहमनी काळातल्या थरांत बहुरंगी काचेच्या बांगड्या निघाल्या आहेत. काळ्या कड्यावर पिवळ्या, लाल, हिरव्या काचेचे पट्टे आणि ठिपके बसवलेल्या. वाटीचे आकर्षण इथे कधीच फारसे नव्हते. रंगीत काच अंगावर ल्यायची, हीच इथली आवड पहिल्या शतकापासून टिकून राहिली.

पैठणला १९९६ ते १९९९ या काळात पुरातत्त्वज्ञ डेरेक केनेट आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उत्खनन केले आणि त्याचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये पुस्तकरूपाने आला. कोणता थर कोणत्या शतकातला हे त्यात काटेकोरपणे मांडलेले आहे. पांढरीवर वेचलेल्या मण्याला असा थर नसतो. तो हौशी संग्राहकाच्या डबीत किंवा विक्रेत्याच्या माळेत गेला की त्याचे वयही हरवते आणि शेजारी कोणते खापर, कोणते नाणे होते तेही. म्हणून गावात सापडलेला मणी जागेच्या नोंदीसह संग्रहालयात पोचायला हवा. काचेला जराही धक्का न लावता तिच्यातली मूलद्रव्ये मोजणारी हातात धरायची क्ष-किरण यंत्रे आता मिळतात. पैठण, तेर आणि भोकरदनच्या काचमण्यांची अशी तपासणी जितकी वाढेल तितके हे नेमके कळेल की भडोचहून आलेल्या ढेपांतली किती काच गोदावरीकाठी मण्यांत उतरली आणि किती काच इथल्याच वाळूची होती. संग्रहालयाच्या पेटीतली ‘काचमणी, सातवाहन काळ’ एवढीच चिठ्ठी मग पुरणार नाही. वाळू कोणत्या नदीची, क्षार कुठला, माल कोणत्या बंदरातून आला, हेही तिच्यावर लिहिता येईल.